उडण्याआधीचं चालणं

शांत बसा. आज एक शरीर मनात उभं करायचं आहे, आणि ते माणसाचं नाही.

आधी हात सोडून द्या. आता चार पाय जमिनीवर टेकलेले आहेत. मागे जड शेपूट आहे, पाठीवर मिटलेले पंख. मान इतकी लांब की डोकं आधी वळतं आणि धड मागाहून. पुढे एक तलवार पडली आहे, पण ती धरायला बोटं नाहीत. चिलखत आहे, पण ते अंगात जायचं नाही. पलीकडे एक दार आहे, तेही माणसाच्या मापाचं. या अडचणी लगेच सोडवू नका. थोडा वेळ त्यांच्यासोबत राहा.

ऑनलाइन कल्पनारम्य खेळात ड्रॅगनचा वंश खेळाडूच्या हाती द्यायचा म्हटलं की रचनाकारापुढे हेच शरीर येतं. अशा खेळांचं सगळं जग दोन हात आणि दोन पाय गृहीत धरून बांधलेलं असतं. जिने, शस्त्रं, बूट, घोडे, अगदी नाचाच्या हालचालीसुद्धा. मग वाटा दोनच उरतात. ड्रॅगनला जगात बसेल इतका बदलायचा, नाही तर जगात त्याच्यासाठी वेगळी जागा करायची.

पहिली वाट ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने घेतली. 28 नोव्हेंबर 2022 ला आलेल्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये ड्रॅक्थिर हा वंश आला. दोन पायांवर उभा, दोन हातांचा, शिवाय माणसासारखं दुसरं रूप घेऊ शकणारा. ड्रॅगनच्या रूपात असताना त्याच्या अंगावर खांदे, कमरपट्टा असं मोजकंच चिलखत दिसतं. बाकीचं हवं तर दुसऱ्या रूपावर पाहायचं. सुरुवातीला त्याला इव्होकर हा एकच वर्ग होता, आणि तो थेट 58व्या पातळीवर जन्माला यायचा. आकाशात झेपावून खालच्या शत्रूंवर श्वास सोडत जाण्याचा त्याचा हल्ला मला मनापासून आवडतो. पण 58व्या पातळीवर जन्मणं म्हणजे बालपण नसणं. इथे जरा रेंगाळा. ज्याला लहानपण नाही, त्याचं मोठेपण कशावरून ओळखायचं?

दुसरी वाट जुनी आहे. डिसेंबर 2003 मध्ये ‘होरायझन्स: एम्पायर ऑफ इस्तारिया’ हा खेळ आला, आणि पुढे तो ‘इस्तारिया’ म्हणून चालत राहिला. त्यातला ड्रॅगन खरोखर चार पायांचा आहे. तलवारीच्या जागी नखं, चिलखताच्या जागी खवले. घराच्या जागी जमिनीखालची गुहा, आणि ती घडवण्याचं कसबही ड्रॅगनांचंच. जवळ ठेवा साठवायचा. तो वाढेल तशा काही शक्ती वाढतात. कथांमधल्या ड्रॅगनची हाव इथे खेळाचा नियम होते, आणि खेळाडूला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही. सापडलेली वस्तू विकावी की ठेव्यात टाकावी, या विचारात पडला की तो ड्रॅगनसारखाच विचार करत असतो.

पण या खेळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इथे ड्रॅगन पिल्लू म्हणून सुरू होतो आणि त्याला उडता येत नाही. पंख आहेत, दिसतात, पण उपयोग नाही. प्रौढ होण्यासाठी एक लांबलचक विधी पार पाडावा लागतो, कामामागून काम, या टोकाहून त्या टोकाला. तोवर पायी चालायचं. ते चालणं मनात चालून पाहा. डोंगर आडवा येतो, वळसा घालावा लागतो. डोक्यावरून एखादा प्रौढ ड्रॅगन निघून जातो. तोही तुमच्यासारखाच कुणी खेळाडू, कधीतरी असाच चाललेला. त्या क्षणी मनात जी ओढ उठते, तिच्यावर हा सगळा वंश उभा आहे.

यात समतोलाचाही प्रश्न सुटतो. कथेत एक ड्रॅगन अख्ख्या गावाला पुरतो. ऑनलाइन खेळात शेकडो ड्रॅगन एकत्र असतात, आणि पहिल्या दिवशी त्यांना लांडग्याशीही झुंजावं लागतं. महाकाय प्राणी लांडग्याकडून हरला तर ते पटत नाही. पिल्लू हरलं तर पटतं. बळ मुद्दाम कापावं लागत नाही, ते अजून आलेलं नसतं.

म्हणून मला दुसरी वाट खरी वाटते, तिच्यात काम कितीही जास्त असलं तरी. दोन पायांवर उभा केलेला ड्रॅगन सोयीचा असतो, देखणाही असतो, पण खेळाडू आत माणूसच राहतो. तुमच्यापैकी कुणी असा वंश रचायला बसणार असेल, तर एक विनंती आहे. पहिला आराखडा काढण्याआधी ‘इस्तारिया’त पिल्लू होऊन चाला, आणि पंख मिळेपर्यंत खेळ सोडू नका.