बोंडं राहू द्या

पेटुनियाचं सुकलेलं फूल काढायला गेलं की पाकळ्या अलगद हातात येतात आणि देठाच्या टोकाशी हिरवा भाग तसाच राहतो. पुष्कळजण तिथंच थांबतात. कुंडी स्वच्छ दिसते, काम झालंसं वाटतं. पण झाडाचं खरं काम त्या हिरव्या भागातच चाललेलं असतं. तिथं बोंड धरत असतं. बोंडं धरू लागली की झाडाची ताकद बियांकडे वळते आणि नव्या कळ्या कमी होत जातात. म्हणून ज्याला फुलं हवीत त्यानं देठासकट खुडायचं असतं.

आपल्याकडे पेटुनिया हे थंडीचं फूल. पाऊस ओसरला की बी पेरायचं, दिवाळीच्या आगेमागे रोपं कुंडीत लावायची आणि उन्हं तापेपर्यंत गॅलरी भरलेली ठेवायची. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 दाणे बसतात. ते मातीआड करायचं नसतं, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं आणि ओल तळातून द्यायची. वरून पाणी घातलं तर बी वाहून कोपऱ्यात जातं. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात, आणि त्या दिवसांत ट्रेकडे डोळे लावून बसण्यात जो आनंद आहे तो तयार रोप विकत आणण्यात नाही, असं माझं ठाम मत आहे.

रोप चार बोटं वाढलं की शेंडा खुडायचा. हे करताना जीव कळवळतो, कारण पहिली कळी बहुधा तिथंच असते. पण शेंडा जागेवर असेपर्यंत त्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की प्रत्येक पेरातून फांदी फुटते आणि एका फुलाच्या जागी झुडूप उभं राहतं.

फांदीपासून नवं रोप करायचं तरी पुन्हा खुडणंच आलं. चिनी गुलाबाची फांदी फुलासकट मातीत खोचली तरी जगते, पेटुनियाचं तसं नाही. कळी नसलेली कोवळी, बोटभर लांबीची फांदी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची. कळी असलीच तर तीही काढून टाकायची, कारण फुलण्यात गुंतलेली फांदी मुळं धरायला नाखूश असते. मग कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात ती लावायची, वर पारदर्शक पिशवी घालून सावलीत ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. असं रोप हुबेहूब आईसारखं, तोच रंग, तीच ठेवण.

म्हणजे शेंडा खुडायचा, कळ्या खुडायच्या, बोंडं खुडायची. कुंडीतल्या पेटुनियाची सगळी बहार या खुडण्यावर उभी आहे. मला त्यात काही क्रूर वाटत नाही. झाडही खुडण्याला उत्तर देतं, नव्या फांद्या काढतं, महिनोन्महिने फुलत राहतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. फुलण्यामागे झाडाचा हेतू एकच असतो, बी धरण्याचा. तो हेतू आपण रोज सकाळी हातानं मोडतो, आणि तो पुरा झाला नाही म्हणूनच झाड पुन्हा फुलायला घेतं. गॅलरीतला सगळा रंग या अपुऱ्या राहिलेल्या कामातून येतो. मग मार्च सरतो, पानं पिवळी पडतात, आपण झाड उपटतो आणि पुढच्या थंडीत नवी रोपं आणतो. ज्यानं इतकं दिलं त्याला त्याचं स्वतःचं काम एकदाही पुरं करू न देता निरोप देतो.

यावर कुणी म्हणेल, ते बी धरून उपयोग काय? बाजारातल्या पाकिटांतलं बरंचसं बी एफ-वन संकराचं असतं. दोन निवडक वाण वेगळे सांभाळायचे, एकाच्या फुलातले परागकोश हातानं काढायचे आणि दुसऱ्याचा पराग त्यावर लावायचा, असं दर वेळी नव्यानं करून ते मिळतं. त्याच्या झाडाला आलेलं बी पेरलं तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही. गडद जांभळ्या झाडाच्या पोटी फिकट गुलाबी येईल, पांढरं येईल, फूल लहान निघेल. माळी याला बी बिघडलं म्हणतात.

मला तसं म्हणवत नाही. पेटुनियाचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत आहेत, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात. त्यातलं एक पांढरं, संध्याकाळनंतर सुवास सोडून पतंगांना बोलावणारं. दुसरं जांभळं, दिवसा मधमाश्यांचं. 1830च्या दशकात युरोपातल्या माळ्यांनी या दोन घराण्यांचा संकर केला आणि त्यातून आजच्या बागांतली पेटुनिया आली. संकराच्या बियांतून फिकट, लहान, पांढरी-जांभळी फुलं निघतात तेव्हा पाकिटावरच्या चित्राशी ती जुळत नाहीत खरी, पण त्या जुन्या घराण्यांच्या खुणा त्यांच्यात पुन्हा वर आलेल्या असतात. एखाद्या पांढऱ्या रोपाला दिवेलागणीनंतर वास येतो. तो वास चित्र बघून निवडलेल्या, भल्यामोठ्या फुलांच्या पुष्कळ जातींत हरवलेला आहे. बिघडणं म्हणजे हेच असेल तर ते मला हवं आहे.

म्हणून एक विनंती. सगळ्या कुंड्यांची नाही, एकाच कुंडीची. फेब्रुवारी संपत आला की एकेरी पाकळ्यांचं एक झाड निवडा आणि ते खुडणं थांबवा. दुहेरी पाकळ्यांच्या जातींत बोंड क्वचित धरतं, त्या सोडून द्या. वरच्या मजल्यावर मधमाश्या पोचत नसतील तर मऊ कुंचला एका फुलातून दुसऱ्या फुलात फिरवा. खत बंद करा, पाणी मात्र द्या. फुलं कमी होतील, झाड थोडं विस्कटलेलं दिसेल, पाहुणे विचारतील की याला काय झालं. त्यांना सांगा की याचं बी धरतंय.

साधारण महिन्याभरात बोंड तपकिरी होतं आणि टोकाशी फुटू लागतं. पुरतं फुटायच्या आत सकाळी कागदावर काढून घ्यावं, नाहीतर वाऱ्याच्या एका झुळुकीत सगळं बी उडून जातं. चार दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत बांधा. पुडीवर रंग लिहायच्या भानगडीत पडू नका, फक्त वर्ष लिहा आणि पावसाळ्याची दमट हवा लागणार नाही अशा घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. पाऊस ओसरला की पेरा, आणि उगवलेल्यांपैकी दोन रोपं शेजारी द्या.