मूल सांगेल कुणाला?

आमच्याकडे वाढदिवस घरात मावत नाही. तो चौकात येतो आणि फ्लेक्सवर चढतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या एखाद्या वळणावर गॉगल लावलेला सहा वर्षांचा 'छोटे सरकार' हसत उभा असतो. खाली त्याचे नाव, लाडाचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव, गल्ली आणि शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. मग त्या फ्लेक्सचा फोटो वडिलांच्या स्टेटसला, मामाच्या फेसबुकला, मंडळाच्या ग्रुपवर जातो. हे एकट्या कुरुंदवाडचे नाही, शिरोळपासून इचलकरंजीपर्यंत हीच तऱ्हा. त्यात हौस असते, वाईट हेतू मुळीच नसतो. दोन वर्षांनी तेच पोर तिसरीत कॉम्प्युटरच्या तासाला बसते आणि बाई फळ्यावर लिहितात: आपले नाव, पत्ता, जन्मतारीख व फोटो अनोळखी माणसाला देऊ नये. पोर मुकाट्याने वहीत उतरवून घेते. पुष्कळ घरांत वडिलांच्या मोबाईलचा पासवर्डही त्या पोराची जन्मतारीखच असते, हा भाग वेगळा.

प्राथमिक शाळेतला कॉम्प्युटरचा तास बघण्यासारखा असतो. चालू स्थितीतले कॉम्प्युटर थोडे, मुले फार. एक जण माऊस धरतो, दुसरी त्याच्या हातावर हात ठेवते, तिसरा मागून 'उजवीकडं, उजवीकडं' म्हणून ओरडतो. पेंटमध्ये घर काढायचे असते: चौकोन, त्यावर त्रिकोण, बाजूला झाड. कुणीतरी रंगाचा डबा ओततो आणि घराची रेघ कुठेतरी सुटलेली असल्याने अख्खा पडदा लाल होतो. वर्ग खूश. लाईट गेली की यूपीएस कुईं कुईं करतो आणि सगळ्यांची घरे जातात. एखादे पोर मॉनिटरच्या काचेवरच बोट फिरवत बसते, कारण काच म्हटली की ती बोटाने हलते अशी त्याची पक्की समजूत असते. शाळेतला कॉम्प्युटर त्याला नवा आहे, घरातला मोबाईल नाही.

मोबाईलवरचे त्याचे ज्ञान तर आपल्याला लाजवील असे. 'फ्री फायर' या गेममध्ये डायमंड कशाने मिळतात, आज्जीच्या फोनवर आलेला ओटीपी कुठून वाचायचा, आईने लपवलेले यूट्यूब कुठल्या फोल्डरात आहे, सगळे ठाऊक. पण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला, ही साधी गोष्ट त्याला माहीत नसते. 'बक्षीस मिळवण्यासाठी पिन टाका' असे कुणी सांगितले तर ते टाकणार. खरे तर तिसरीच्या पोराला कळेल अशी ही गोष्ट आहे. दुकानात पैसे देताना आपण पाकीट उघडतो, घेताना आपले पाकीट कुणी मागत नाही. हे शिकवायला कॉम्प्युटर चालू असण्याचीही गरज नाही.

अशाच एका तासाला बाईंनी विचारले, 'गेम खेळताना कुणी म्हणालं, तुझा फोटो पाठव, तर काय करायचं?' सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'ब्लॉक करायचं!' पाठ चांगला झाला होता. मग बाईंनी पुढचा प्रश्न टाकला, 'आणि घरी कुणाला सांगायचं?' आता सूर तुटला. कुणी आई म्हणाले, कुणी दादा. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, 'कुणालाच न्हाई.' का रे? 'सांगितलं तर पप्पा मोबाईलच काढून घेत्यात.'

सगळी हसली, बाईही हसल्या. पण त्या पोराने हिशेब बरोबर मांडला होता. चूक दुसऱ्याची, सांगणारा मी आणि शिक्षाही मलाच. असा व्यवहार मोठी माणसेसुद्धा करणार नाहीत, मग आठ वर्षांच्या पोराने का करावा?

मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याला हा हिशेब आपल्याआधी कळलेला असतो. त्याचे ठरलेले वाक्य असते: घरी सांगू नको, घरी कळलं तर तुलाच मार बसेल. आणि आपण घरात रोज काय म्हणतो? परत असं काही दिसलं तर बघ, मोबाईल हातात देणार नाही. एक जण वाईट हेतूने बोलतो, दुसरा काळजीने. पण मुलाच्या कानाला दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच लागतो. गप्प बस. आपण नकळत त्या जाळे टाकणाऱ्याचेच काम सोपे करून ठेवतो. मला वाटते, ऑनलाईन सुरक्षेचा धडा अडतो तो इथेच. बाकीचे सगळे शिकवता येते.

किती शिकवले जाते तेही पाहू. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीत 2024 साली 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारले होते. 82 टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक करणे किंवा त्याची तक्रार करणे माहीत होते. प्रोफाइल खाजगी कसे ठेवायचे हे 55 टक्क्यांना, पासवर्ड बदलणे 58 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे समाजमाध्यमे वापरणाऱ्यांतही निम्म्याहून थोड्याच जास्त मुलांच्या हाती ही बटणे आहेत, आणि ती नववी-दहावीच्या वयात. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हातात तर फोन घरचाच असतो, खाते आईचे, नंबर बापाचा. त्यांना प्रोफाइलची बटणे शिकवून फारसे साधत नाही. त्यांचे बटण म्हणजे शेजारी बसलेला मोठा माणूस, आणि तो दाबल्यावर चिडतो.

मुलांच्या मोबाईलवर गावोगावी उपाय निघालेच. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव करून 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. दोन्ही गावांची तळमळ खरी. पण फरक बघा. बान्सीचा ठराव फक्त मुलांकडून काहीतरी मागतो, वडगावचा भोंगा बापाच्या हातातलाही मोबाईल खाली ठेवायला लावतो. मला वडगाव जवळचे वाटते ते एवढ्यासाठी. दीड तास का होईना, कायदा सगळ्यांना सारखा. साडेआठनंतर काय, हा प्रश्न मात्र भोंग्याने सुटत नाही.

आणि मूल म्हणजे फक्त बळी, असे धरून चालणेही चुकीचे. 7 जून 2023 चा कोल्हापूर बंद आपण विसरलेलो नाही. काही आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर पेटले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरली होती, आणि फिरवणारे शाळकरी नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एकावेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जे काम आपल्या विवेकाने करायचे, ते कंपनीला करावे लागले. आमच्याकडचेच बघा. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि बाप्पा एका छताखाली असतात. पिढ्यांनी जपलेली ही गोष्ट मोडायला एक स्टेटस पुरेल. तेव्हा स्वतःची कातडी वाचवणे एवढाच ऑनलाईन सुरक्षेचा अर्थ मुलांना सांगितला तर अर्धाच धडा शिकवला असे होईल. 'हे खरं आहे का, आणि हे वाचून कुणाला त्रास होईल' हे दोन प्रश्न चौथीतही विचारता येतात. अट एकच: घरात सकाळी चहाबरोबर बाप काय फॉरवर्ड करतो, ते मूल बघत असते.

काही जण म्हणतील, कशाला लहान वयात ही यंत्रे? शाळेबाहेरच ठेवा. इथे मला आमच्या गावचेच एक गृहस्थ आठवतात. विष्णु दिगंबर पलुस्कर 18 ऑगस्ट 1872 ला कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी उत्सवातला फटाका तोंडाजवळ उडाला आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. त्या काळी गाणे म्हणजे बैठकीची, शौकिनांची गोष्ट; घरंदाज माणसे आपल्या मुलांना त्या वाटेला जाऊ देत नसत. पलुस्करांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, क्रमिक पुस्तके लिहिली, स्वरलिपी बांधली, आणि सभ्य घरांतली मुले-मुली वर्गात बसून सा रे ग म म्हणू लागली. गाणे तेच होते. फरक एवढाच की आता शेजारी शिक्षक होता, शिकण्याला पायऱ्या होत्या आणि दार उघडे होते. आजच्या मोबाईलला तेव्हाच्या गाण्यासारखीच मोहिनी आहे आणि बदनामीही. तो चोरून बघायची वस्तू राहील तोवर त्यातले वाईटच आधी हाताला लागणार.

संमतीचीही एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. विद्यार्थ्यांच्या 'अपार' या ओळख क्रमांकासाठीही शाळा पालकांकडून संमतीपत्र घेते. पालकसभेत कागद फिरतो, एक पेन दहा हातांतून जाते, वाचतो कोण? गुरुजींनाही दोष देता येत नाही. उपक्रमाचा फोटो वर पाठवला नाही तर उपक्रम झालाच नाही असे धरण्याचे दिवस आहेत. पण ज्याचा फोटो आहे त्या पोराला 'टाकू का रे?' एवढे विचारायला कुठला कायदा लागतो? ज्याला कधी कुणी विचारलेच नाही, त्याला नाही म्हणायची सवय लागणार कुठून, आणि मग अनोळखी माणसाला तरी ते नाही कसे म्हणेल?

तेव्हा येत्या पालकसभेला त्या कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद घालावा असे मी शिक्षकांना सुचवीन. त्यावर एकच ओळ: माझे मूल मोबाईलवरचे काही वाईट सांगायला आले, तर त्या दिवशी मी त्याला रागावणार नाही आणि मोबाईल काढून घेणार नाही. खाली आई-वडिलांची सही, आणि ती मुलासमोर. 'मग धाक कसला राहणार?' असे कुणीतरी बाप उठून म्हणणारच. धाक वेळेचा ठेवा, कुठल्या खोलीत बघायचे त्याचा ठेवा, जेवताना बघायचे नाही याचा ठेवा. सांगितल्याबद्दल शिक्षा तेवढी नको. मोबाईल किती वेळ द्यायचा ते दुसऱ्या दिवशी शांतपणे ठरवता येते. त्या दिवशीचे काम वेगळे असते: पोराला जवळ घ्यायचे, पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा, पोराला कुणी धमकावत किंवा छळत असेल तर 1098 या चाइल्डलाइनला. आणि संतापाच्या भरात ते चॅट पुसून टाकायचे नाही. पोलीस पहिल्यांदा तेच मागतात.