तात्पुरती परवानगी

1965 च्या सप्टेंबरात बेट्सी चक्रीवादळाने अमेरिकेतलं न्यू ऑर्लिअन्स झोडपून काढलं. गल्लोगल्ली मोडकंतोडकं सामान साचलं. ते टाकायचं कुठे? ॲग्रिकल्चर स्ट्रीटवरचं जुनं डंपिंग ग्राउंड काही वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. वेळच तशी आहे म्हणून ते पुन्हा उघडलं. कचरा तिथे ओतला, जाळला.

निकड सरली आणि त्या जागेचा सगळ्यांना विसर पडला. पुढे त्याच जमिनीवर घरं उठली, शाळाही झाली. आयुष्यातलं पहिलं घर घेतलेली कृष्णवर्णीय कुटुंबं हौसेने राहायला आली. त्यांची मुलं त्या मातीत खेळली. मातीत शिसं आणि आर्सेनिक निघालं, आणि 1994 साली केंद्र सरकारने ही वस्ती देशातल्या अतिविषारी जागांच्या यादीत घातली.

29 ऑगस्ट 2005 ला कतरिना चक्रीवादळ आलं. बांध फुटले, शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. पुन्हा तोच प्रश्न. महापौर रे नेगिन यांनी आणीबाणीचे अधिकार वापरले, जमीनवापराचे नियम बाजूला ठेवले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये शहराच्या पूर्व टोकाला, अभयारण्याला लागून, शेफ मेंटूर रस्त्यावर नवं डंपिंग ग्राउंड मंजूर केलं. सहा महिन्यांपुरतं. तळाला अस्तर नाही.

घाई खोटी नव्हती. दारात कुजलेल्या गाद्या आणि बुरशी धरलेल्या भिंतींचा ढीग असताना माणसं घरी परतणार कशी? तो उचलायलाच हवा होता. पण शेजाऱ्यांना एकदा विचारायला असा किती वेळ लागला असता?

शेजारी होती व्हर्साय, व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती. पुरानंतर सगळ्यांत आधी परतलेल्यांत हीच माणसं होती. तिथली म्हातारी मंडळी परसात आणि कालव्याकाठी अळू, पालेभाज्या लावत, कालव्याचंच पाणी घालत. तो कालवा आता कचऱ्याच्या कडेने वाहणार होता. एरवी सरकारदरबारी गप्प राहणारी ही माणसं आपले धर्मगुरू फादर व्हिएन यांच्याबरोबर महापौरांच्या दारात जाऊन उभी राहिली. ऑगस्टमध्ये आदेशाची मुदत संपली. महापौरांनी ती वाढवली नाही, ग्राउंड बंद झालं.

ॲग्रिकल्चर स्ट्रीटच्या रहिवाशांना दुसरीकडे हलवण्यासाठी शहराने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले ते 2022 साली, बेट्सीनंतर 57 वर्षांनी.