‘पुरे’ कुणी म्हणायचे?

तीन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची बेळगाव ते स्तवनिधी पदयात्रा निघाली. सुमारे ७० किलोमीटर, तीन दिवसांची चाल. आखणी सगळी माझ्याकडे. मुक्काम कुठे, गाळलेले पाणी कुठे, सूर्यास्ताच्या आत जेवण कसे उरकायचे, सामानाचा टेम्पो कुणाचा, सगळे वहीत लिहून काढले होते. कुणाला केव्हा थांबवायचे, एवढेच लिहिले नव्हते.

संकेश्वर सोडल्यावर एक काकू मागे पडायला लागल्या. वय सत्तरीला आलेले. तळव्याला फोड, एक गुडघा सुजलेला. मी म्हटले, टेम्पोत बसा. “चालतो की गं मी, आता कितीसं राहिलंय?” त्या म्हणाल्या. आणि मी काय केले? पुढच्या बायकांना हाक मारली, सगळ्यांनी जयजयकार केला, दोघींनी त्यांचे हात धरले. तवंदी घाट त्या तशाच उतरल्या. मंदिरात त्यांना शाल दिली, फोटो काढला. पुढे दीड महिना काकू अंथरुणावर होत्या. भेटायला गेले तेव्हा त्यांची सून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, “चालायचं आत्यांनी ठरवलं, ते खरं. थांबवायचं कुणी ठरवायचं होतं, ताई?”

चहा समोर होता, तो तसाच राहिला.

माझी भाची कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असते. तिच्या गावाजवळ जून महिन्यात डोंगरातली एक मोठी धाव होते, वेस्टर्न स्टेट्स म्हणतात तिला. सिएरा नेवाडातल्या ऑलिम्पिक व्हॅलीतून सुटायचे आणि ऑबर्न गावच्या शाळेच्या मैदानावर पोचायचे. अंतर १६१ किलोमीटर. शनिवारी पहाटे पाचला सुरुवात, रविवारी सकाळी अकराला बंद. तीस तास. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला रागच आला. पोट भरलेल्यांची हौस, दुसरे काय! पण भाची तिथे धावायला नव्हे, सेवेला जाते म्हटल्यावर मी जरा कान दिला. धावणारे सुमारे पावणेचारशे आणि त्यांच्यासाठी राबणारे दीड हजार. म्हणजे एकेका धावणाऱ्यामागे चार माणसे पाणी भरणारी, सूप गरम करणारी, रात्री नदीत कंबरभर पाण्यात उभे राहून दोर धरणारी. शिवाय ज्याला धावायचे आहे त्याने आधी कुठल्या तरी अशा धावेत किंवा डोंगरवाटेच्या दुरुस्तीत आठ तास सेवा केलेली असली पाहिजे. वैयावृत्त्याला आपल्याकडे तपातच धरले आहे, तेही अंतरंग तपात. तिथे त्यांना हा शब्द माहीत नसेल, पण तपाला बसण्याआधी दुसऱ्याच्या तपाची सेवा करून ये, हा नियम मला आवडला.

पण मला खरे थांबवले ते या वाटेच्या जुन्या गोष्टीने. ही वाट मुळात घोड्यांच्या शर्यतीची. १९५५ पासून तिथे एका दिवसात शंभर मैलांची घोडेस्वारी होते, टेव्हिस कप या नावाने. वाटेत ठरलेल्या ठिकाणी जनावरांचे डॉक्टर घोडा तपासतात. नाडी बघतात, चाल बघतात. घोडा ठीक नसेल तर स्वार कितीही धडधाकट असो, त्याची शर्यत तिथेच संपते. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली नावाच्या माणसाने घोड्याशिवाय, पायीच ही वाट चोवीस तासांच्या आत पार केली. मग १९७७ मध्ये चौदा पुरुष घोड्यांच्या बरोबरच धावले. त्यांची तपासणी कुठे झाली? घोड्यांसाठी केलेल्या त्या तीन थांब्यांवरच. (बाई पुढच्याच वर्षी आली. पॅट स्माइथ तिचे नाव, साडेएकोणतीस तासांत पोचली.)

मुके जनावर ‘पुरे’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने म्हणणारा कुणीतरी ठेवला. मग ध्यानात आले असेल की बोलणारा माणूसही ते म्हणत नाही. त्याला वाचा आहे, पण लोक बघत आहेत, टाळ्या वाजत आहेत, घरी सांगून आलो आहोत. आमच्या काकूंना तरी ‘नको’ म्हणायला जागा कुठे होती? जयजयकार आम्ही केला होता.

कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि करणाऱ्याला मान डोलावलेली, तिन्ही आपल्या खाती, हे पाठशाळेपासून पाठ आहे. मी ते पाण्यातल्या जिवाला लावत आले, मुंगीला लावत आले. पदयात्रेच्या वहीला ते लागते असे कधी वाटले नव्हते. चालणारीचे पाय चालणारीचे, पण वाट मी आखली, घाट मी घातला, आणि शाल देऊन अनुमोदनाही मीच केली.

भाचीला एका वर्षी रात्रीच्या थांब्यावर काम होते. वेळ संपली की मागे राहिलेल्याला सांगायचे आणि मनगटावरचा पट्टा कापायचा. म्हणाली, “मावशी, एक बाई आली, चारच मिनिटं उशीर. माझ्याकडे नुसती बघत राहिली. कात्री चालेना मला.” “मग?” म्हटले. “कापला. ब्लँकेट दिलं, सूप दिलं. ती रडत होती, मी पण.” ही हिंसा की दया? त्या रात्री तरी दोघींनाही सांगता आले नसते.

पण थांबवले म्हणजे दयाच केली, असेही मला म्हणवत नाही. बाईला ‘पुरे’ म्हणणारे घरोघरी आहेत. शिक्षण पुरे, नोकरी पुरे, या वयात पदयात्रा कसली, पुरे. २०१५ मध्ये याच धावेत गनहिल्ड स्वान्सन नावाची सत्तर वर्षांची बाई वेळ संपायला सहा सेकंद असताना मैदानावरची रेघ ओलांडून गेली. वाटेत ती रस्ताही चुकली होती. तिचे वय बघून कुणी तिला सकाळीच खुर्चीवर बसवले असते, तर त्याला मी काय म्हणाले असते? तिथे घड्याळ आधीपासून सगळ्यांना सांगितलेले असते, तरुणाला आणि म्हातारीला तेच. घोड्याचा डॉक्टरही पाय बघतो, चाल बघतो. मी काकूंचे वय बघून टेम्पो सुचवला आणि सुजलेला गुडघा बघून जयजयकार केला. अगदी उलटे.

आणि घड्याळ सगळ्यांनाच लागते, आखणाऱ्यांनाही. २००८ मध्ये डोंगरात वणवे पेटले, धूर दाटला, तेव्हा धाव दोनतीन दिवसांवर आलेली असताना त्यांनी ती रद्द केली. वर्षभर तयारी केलेल्या शेकडो माणसांना ‘यंदा नाही’ सांगायचे. आपल्याकडे मांडव घातला की पावसातसुद्धा पंगत उठवत नाही आपण.

यंदाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. संकेश्वर आणि कणगला इथे आपल्यातली नर्स प्रत्येकीचे पाय बघेल. आणि दुपारी साडेतीनला जी कणगल्याच्या मागे असेल तिने गाडीत बसायचे, मग ती कुणीही असो, मंडळाची अध्यक्ष का असेना. बराच गोंधळ झाला. एकजण म्हणाली, “देवाच्या वाटेवर घड्याळ कसलं? गाडीत बसलेलीची यात्रा झाली की नाही झाली?” झाली, असे मी म्हटले खरे, पण तिचे समाधान झाले नाही, आणि माझेही पुरते झाले आहे असे नाही.

काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी नाव दिले आहे, बेळगाव ते काकती, तेवढेच. कणगल्याला घड्याळ घेऊन कोण उभी राहणार, या ओळीपुढे कुणीच नाव लिहीना. शेवटी वही माझ्याकडेच आली.