कपाळ एकच, उमेदवार चार

चि. सौ. कां. छकुलीस,

पत्रिकेत तुझ्या नावामागे असं छापून आलंय, म्हणून मीही तसंच लिहिलं. बाकी तू माझी छकुलीच.

फोटो पोचले. अष्टपुत्रीचा पिवळा रंग छान आहे, शालूही झकास. डोक्यावरच्या दागिन्यांचे मात्र सोळा फोटो पाठवलेस आणि विचारतेस, ‘मावशी, शालूवर यातलं काय शोभेल?’ सुटं सुटं सगळंच शोभेल गं. पण मुंडावळ्या, चंद्रकोर, भांगातली बिंदी आणि वर ती माथापट्टी, एवढ्या चौघांना पुरेल असं कपाळ मी तरी अजून पाहिलेलं नाही. मुंडावळ्यांची जागा ठरलेली, चंद्रकोर त्यांच्या खाली नीट बसते. उरलेल्या दोघींना संगीताच्या रात्री घागऱ्यावर मिरवू दे. सासरी बाशिंगाची चाल आहे का, तेही विचारून घे. असली तर प्रश्नच मिटला, बाशिंगापुढे बाकी काही दिसत नाही.

दागिना साडीच्या रंगावरून निवडायचा, असं दुकानदार सांगतो. मी सांगेन, त्या साडीत तुला काय काय करायचंय, ते आधी बघ. अष्टपुत्री नेसून तू गौरीहरापुढे बसणार, मग मामा तुला अंतरपाटाशी आणणार. अक्षता पडणार आणि मंगलाष्टकं संपली की गळ्यात हार पडणार. हा हार डोक्यावरून खाली यायचा असतो, हे खोपा घालणारीच्या ध्यानातच नसतं. उंच खोपा, त्यात उभी खोचलेली फुलं, आणि समोर आधीच बावरलेला नवरा मुलगा! हार खोप्यात अडकतो, सगळे हसतात आणि फोटोवाला म्हणतो, परत एकदा. म्हणून अष्टपुत्रीवर खोपा बसका, मानेलगत घाल. साडी सुती, त्यामुळे डोक्यावरही जड काही नको. मोत्यांच्या दोन सरांच्या मुंडावळ्या आणि अबोलीची वेणी. पिवळ्यावर अबोली काय दिसते, ते आरशात बघशीलच.

शालूवर जरा थाट चालेल. त्याच्या जरीला पिवळसर झाक आहे, म्हणून मोतीही सायीच्या रंगाचे घे. पांढरेशुभ्र प्लास्टिकचे मोती जरीशेजारी निळसर, आजारी दिसतात. दुकानातल्या दिव्याखाली हे कळत नाही. तुळशीबागेत जाशील तेव्हा शालूच्या ब्लाउजचा तुकडा पर्समध्ये ठेव आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन दोन्ही शेजारी धर. दुकानदार कुरकुर करेल. करू दे, तुझा मुहूर्त सकाळचा आहे.

मुंडावळ्यांची लांबी हा माझा दुखरा विषय. माझ्या लग्नात छातीपर्यंत लोंबणाऱ्या आणल्या होत्या, कारण तेव्हा मला तेच राजेशाही वाटायचं. लाजाहोमाला वाकले तर डावी सर ठुशीत अडकली. ती सोडवताना मागची गाठ सैल झाली आणि आडवी सर घसरून भुवयांवर आली. सप्तपदीच्या फोटोत मी एका डोळ्यानं चालतेय. तुझी आई तो फोटो अजून पाहुण्यांना दाखवते. तेव्हा तू ठुशी आणि नथ घालून बस, मुंडावळ्या लावून बघ, आणि सर ठुशीच्या वर संपेल एवढीच ठेव. जास्तीची लांबी पटवेकऱ्याकडून कमी करून घे, घरी कात्री लावू नकोस, मोती घरभर होतील. गाठ खोप्याच्या खाली दडवून दोन आकड्यांनी पक्की करायची. म्हणजे मुंडावळ्या आधी, खोपा नंतर. पार्लरवालीला हा क्रम आजच सांगून ठेव.

ताज्या फुलांच्या मुंडावळ्या करायच्या असं ताई म्हणत होती. वासाला तोड नाही, मान्य. पण तुझं लग्न मार्गशीर्षात, तेव्हा मोगरा महाग आणि कळ्या बारीक. शिवाय फुलवाले पाणी मारून फुलं देतात आणि रेशमावर पाण्याचे डाग राहतात. फुलं खोप्यालाच माळ, तीही आधी पंचावर पसरून निथळवून.

खोप्यासाठी गंगावन घ्यावंच लागेल. तुझे केस खांद्यापर्यंत, त्यात हल्ली ते धुतले की रेशमासारखे निसटतात. लग्नाच्या आदल्या दिवशी केस धू, त्या सकाळी नको, नाहीतर एक आकडा टिकणार नाही. गंगावन केसांच्याच रंगाचं आण आणि फार भरगच्च नको. ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हापासून सगळ्यांनाच काशीबाईचा थाट हवा असतो. सिनेमात शॉट संपला की बसता येतं, तुला मात्र जेवणाच्या पंगती उठेपर्यंत तेच वजन मानेवर वागवायचंय.

आणि संध्याकाळी गृहप्रवेशाला डोक्यावर पदर घ्यावा लागेल. तेव्हा खोप्यातली फुलं काढून टाक, नाहीतर पदर तंबूसारखा उभा राहतो. फक्त आजीची राखडी राहू दे. ती चपटी आहे, पदराखाली दबते आणि पदर सरकला की आपसूक दिसते. आजी ती वेणी घालून वर मधोमध बसवायची. तुला खोप्याच्या मध्यावर चालेल. तिचा मागचा फासा झिजलाय, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस, काळ्या दोऱ्यानं केसांना टाका घालायचा. तो मी घालीन, पार्लरवालीला हात लावू देऊ नकोस.

मी आठ दिवस आधी येतेय. साडी नेसून, सगळं डोक्यावर चढवून तुला एकदा पाटावर बसवायचं, उठवायचं आणि घरातल्या सगळ्यांना वाकून नमस्कार करायला लावायचा. काय घसरतंय ते तेव्हाच कळेल. काळ्या आकड्यांची दोन पाकिटं तेवढी आणून ठेव, घरात शोधले की एकही सापडत नाही. राखडी कुरियरनं पाठव असं ताई म्हणाली. पाठवणार नाही, कमरेच्या बटव्यातून घेऊन येते.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
मावशी