मजुरी आणि उपकार

कपड्यांचा लहानसा कारखाना चालविणारा गृहस्थ आपल्या धंद्याविषयीं बोलूं लागला म्हणजे एक वाक्य त्याच्या तोंडीं हटकून येतें : "आमच्यामुळें वीस घरांतल्या चुली पेटतात." हें वाक्य खोटें असतें असें मुळींच नाहीं. सोलापूरचेंच उदाहरण घ्या. तेथील मोठमोठ्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज त्याच शहरांत शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा नांवारूपास आला आहे. अशा धंद्यांतील लहान कारखाना म्हणजे दोन खोल्या, कापड कापण्याचें एक लांब मेज आणि पांचसहा शिवणयंत्रें, एवढाच असतो. कापड कापून गठ्ठे बांधावयाचे, ते आसपासच्या वस्तींतील बायकांच्या घरीं पोंचवावयाचे, आणि शिवून आलेले नग मोजून घेऊन नगावर मजुरी द्यावयाची, अशी रीत. ती मजुरी नसती तर कित्येक घरांत मुलाची फी आणि म्हाताऱ्याचें औषध ह्यांपैकीं एकच काय तें झालें असतें. तेव्हां चुलींविषयींचें वाक्य खरें आहे; परंतु तें उच्चारणारा त्यांतून जो अर्थ सुचवितो तोहि खरा आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तो अर्थ असा कीं, मजुरी देणारा हा कांहीं अंशीं दाताच होय. आमच्या समाजास ही भाषा गोड लागते ह्यांत नवल नाहीं. अन्नछत्र घालणाराचें नांव शिळेवर कोरलें जातें; ठरलेल्या दिवशीं ठरलेली मजुरी चुकती करणाराचें नांव कोणीं कोठें कोरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यामुळें धंदेवाल्यास सुद्धां आपण धंदा करतों ह्यापेक्षां आपण पोसतों असें म्हणण्यांत अधिक प्रतिष्ठा वाटते. वास्तविक भिक्षेहून काम श्रेष्ठ, हा विचार आमच्याकडे नवा नाहीं. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें. तेथें शिवणकाम शिकविलें जाई तें निराधार बाईनें दिराजावांच्या तोंडाकडे न पाहतां आपल्या हातांनीं चार पैसे मिळवावे म्हणून. ज्या कामानें ती परक्याच्या उपकारांतून सुटावी, तेंच काम देऊन तिला पुन्हां उपकाराखालीं आणावें, हें मोठें विलक्षण आहे.

ह्या भाषेनें बिघडतें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. गरजू माणसासच काम द्यावयाचें असा ज्याचा बाणा आहे, तो विधवा, टाकलेली, दारुड्याची बायको, काम सुटलेल्याची सून अशीं माणसें शोधून काढतो. हें स्तुत्य आहे. परंतु हीं माणसें 'नाहीं' म्हणूं शकत नाहींत. डझनामागें दहा रुपये कमी केले तर जिच्या घरांत दुसरें कोणी मिळवितें आहे ती गठ्ठा परत पाठवील. जिच्या घरांत कोणी नाहीं ती तोच गठ्ठा दहा रुपये कमी घेऊन शिवील, आणि वर पुढच्या गठ्ठ्याची चौकशी करील. म्हणजे ज्या कारणानें हा धंदा धर्माचा ठरतो, त्याच कारणानें तो स्वस्तहि पडतो. बाहेर सांगतांना मात्र पहिलीच गोष्ट सांगितली जाते. मालक लबाड असतो असा आमचा आरोप नाहीं. लबाड मालकास निदान आपण काय करतों हें ठाऊक असतें. मनानें चांगला मालक महिनाअखेर किती दिलें तें पाहतो आणि संतोष पावतो. किती द्यावयास हवें होतें, हा रकाना त्याच्या वहींत नसतो.

ही गोष्ट आजची नाहीं, आणि आपल्याच देशांतलीहि नाहीं. १८४३ सालीं लंडनमध्यें एका विधवेस न्यायाधिशापुढें उभें करण्यांत आलें. शिवावयास आणलेले कपडे तिनें गहाण टाकले होते. एका पाटलोणीच्या शिलाईस तिला सात पेन्स मिळत, आणि सुया व दोरा तिनें त्यांतूनच घ्यावयाचा. मालकाच्या बाजूचें म्हणणें असें कीं, नेटानें काम केल्यास आठवड्यास सात शिलिंग मिळतात, व तेवढ्यांत चांगला निर्वाह होतो. ह्या प्रकरणाच्या गवगव्यांतूनच टॉमस हूड ह्यानें शिवणारणीच्या कष्टांवरची आपली प्रसिद्ध कविता लिहिली. इंग्लंड हळहळलें, परंतु तयार कपड्यांच्या धंद्यांतील मजुरीस कायद्यानें खालची मर्यादा घालण्यास तेथें १९०९ साल उजाडावें लागलें. आम्हांस त्या खटल्यांत लक्षांत ठेवण्यासारखा वाटतो तो दोरा. मजुरीचा आंकडा सर्वांस सांगतां येतो. तो दोऱ्याचे पैसे वजा जातां सांगावयाचा असतो, हें कोणी बोलत नाहीं.

आजहि घरीं शिवणाऱ्या बाईचें यंत्र बहुधा तिचें, वीज तिची, जागा तिची, दोरा पुष्कळदां तिचाच. आणि टांका चुकून नग परत आला तर तो उसवून पुन्हां शिवण्याचा वेळहि तिचा. ह्या सर्वांवर ताण म्हणजे हंगाम. महाराष्ट्रांत बहुतेक शाळा जूनमध्यें उघडतात. त्याआधींचे तीनचार महिने गणवेश शिवणारीच्या घरीं यंत्र रात्रीं उशिरापर्यंत थांबत नाहीं. जुलै उलटला कीं त्याच यंत्रावर घड्या घातलेल्या गोधड्या येऊन बसतात. मालकाजवळ कापड पडून राहिलें तर तें पुढल्या वर्षीं विकतां येतें. बाईचा रिकामा गेलेला ऑगस्ट पुढल्या वर्षीं विकतां येत नाहीं. धोका पत्करतो म्हणून नफा मालकाचा, असें अर्थशास्त्री सांगत आले आहेत. तें मान्य केलें तर मंदीचा धोका जिच्या माथीं आहे तिचा नफ्यांतला वाटा कोणता?

ह्यावर मालकाचें उत्तर तयार असतें, आणि तें पोकळ नसतें. मजुरी वाढविली तर माल महाग होईल, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जाईल, आणि आज मिळतें तेंहि ह्या बायकांस मिळणार नाहीं. हाच प्रश्न १९३५ सालीं चरखा संघापुढें आला होता. गांधी तेव्हां वर्ध्यास राहत होते. आठ तासांच्या चांगल्या कामास कातणारणीस आठ आणे पडावे, हें ध्येय त्यांनीं पुढें ठेवलें. ती मजल संघास एकदम गांठतां आली नाहीं. तथापि निर्वाहापुरतें वेतन हें तत्त्व स्वीकारून कताईचे दर वाढविण्यांत आले आणि खादी महाग झाली. खप बसेल ही भीति तेव्हांहि होतीच. परंतु गरिबांच्या नांवानें विकावयाची वस्तु गरिबांसच कमी देऊन स्वस्त ठेवावी, हें गांधींस पटण्यासारखें नव्हतें, आणि आम्हांसहि पटत नाहीं.

शिवाय त्या भीतींत थोडी गणिताची गफलत असते. समजा, तीनशें रुपयांस विकल्या जाणाऱ्या फ्रॉकची शिलाई पंचवीस रुपये आहे. ती पस्तीस केली तर बाईची मिळकत शेंकडा चाळीसनें वाढते, आणि फ्रॉक तीनशें दहा रुपयांचा होतो. दुकानदार आपली टक्केवारी वाढलेल्या दहांवरहि लावणार, म्हणून पंधरा धरा. एवढ्यानें सगळीं गिऱ्हाइकें पळतील असें आम्हांस वाटत नाहीं. शिलाई हा किमतींतला लहानसा तुकडा असूनहि कात्री प्रथम तेथेंच चालते, ह्याचें कारण कापडवाला आणि दुकानदार दोघेहि 'नाहीं' म्हणूं शकतात.

कांहीं मंडळी ह्यावर निराळाच तोडगा काढतात : अमक्या दुर्दैवी बाईनें हा कपडा शिवला आहे, अशी कहाणी मालाबरोबर सांगावयाची. हा प्रकार आम्हांस रुचत नाहीं. दयेनें घेतलेला सदरा मनुष्य एकदां घेतो. दुसऱ्या खेपेस तो शिवण पाहतो, आणि तेंच योग्य आहे. शिवाय आपलें दारिद्र्य सदऱ्यास अस्तर म्हणून लावण्यास त्या बाईनें संमति दिली होती काय, आणि त्या अस्तराची शिलाई तिला मिळाली काय, हेंहि विचारण्यासारखें आहे.

अहमदाबादेस इला भट्ट ह्यांनीं १९७२ सालीं 'सेवा' ही असंघटित कामकरी स्त्रियांची संघटना नोंदविण्यास नेली, तेव्हां अधिकाऱ्यांनीं अडचण काढली कीं, ह्या बायकांस मालकच नाहीं, मग संघटना भांडणार कोणाशीं? पुढें त्याच शहरांत गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायकांनीं मजुरी वाढवून मागितली, आणि व्यापाऱ्यांनीं त्यांचें काम थांबविलें; म्हणजे काम थांबविण्यापुरता मालक लगेच सांपडला. त्या बायकांनीं मग आपली सहकारी मंडळी काढून तेंच काम चालविलें. घरबसल्या काम करणारांस इतर कामगारांप्रमाणें लेखावें असा करार आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९९६ सालीं केला. त्यावर आजवर मोजक्याच राष्ट्रांनीं शिक्कामोर्तब केलें आहे, आणि त्यांत आपलें राष्ट्र नाहीं. कायद्यापुढें जो मालक नाहीं, तो बोलण्यांत मात्र पोशिंदा असतो.

राहतां राहिली उचल. मंदीच्या महिन्यांत बाई दारीं येते, मालक तिला दोन हजार रुपये देतो, आणि पुढल्या हंगामाच्या मजुरींतून ते वळते करून घेतो. व्याज घेत नाहीं, हें त्याचें सौजन्य खरेंच. सावकारानें घेतलें असतें. परंतु ही उचल फिटेपर्यंत डझनामागें दहा रुपये अधिक देणाऱ्या दुसऱ्या मालकाचा गठ्ठा तिला घेतां येत नाहीं, आणि ती फिटते न फिटते तोंच पुढला ऑगस्ट येतो. आतां ह्याच पैशांचा दुसरा हिशेब पाहा. हंगामांत नगामागें दोन रुपये किमतींतच अधिक धरून बाजूस ठेवले, आणि तेच मंदींत त्या त्या बाईस तिच्या नगांप्रमाणें मजुरी म्हणून दिले, तर परतफेडीचा प्रश्न येत नाहीं. एका बाईनें हंगामांत हजार नग शिवले असें धरलें, तर ते दोन हजार रुपये होतात.