हुंदडणं आणि खेळणं

“खेड्यातल्या पोट्ट्याइले खेळ शिकवा लागते काय? दिवसभर तं उंडारतच राह्यतात!” चिखलीजवळच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गुरुजी म्हणाले. अंगणवाडीत त्यापेक्षा पाटी-पेन्सिल लवकर हातात द्यावी, हा त्यांचा पुढचा आग्रह.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना रोज १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी असावी, असं सांगितलं. गुरुजी म्हणतील, आमची पोरं त्याहून जास्त पळतात. पळत असतीलही. पण दमणं वेगळं आणि अंगावर ताबा येणं वेगळं. पळणं आपसूक येतं. फेकणं, झेलणं, लंगडी घालणं सरावाने येतं. चार वर्षांचं पोर चेंडू फेकताना पाहा: दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, नुसतं कोपर हलतं. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे टाकायचा, कंबर वळवायची, हे बऱ्याच मुलांना कुणीतरी दाखवावं लागतं. पेन्सिलीचंही तेच. हातावरचा ताबा साधारण खांद्याकडून बोटांकडे सरकत येतो. म्हणजे गुरुजींच्या पाटीची वाटही चेंडूवरूनच जाते.

बोर्डीला १९४५ नंतर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आदिवासी मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. आता अंगणवाडी म्हटलं की सतरंजी, वजनकाटा आणि खिचडीचं पातेलं असलेली खोली डोळ्यांपुढे येते. नावातलं अंगण तेवढं हरवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी ‘संघटित खेळ’ म्हटलं की त्यातल्या ‘संघटित’ या शब्दाची मला धास्ती होती. रांगेत उभं करून हात वर, हात खाली! त्यापेक्षा पोरांना मोकळं सोडलेलं बरं, असंच वाटायचं. पण मोकळं सोडल्यावर खेळतं कोण? चेंडू दोन दांडग्या पोरांकडे जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत पाच वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी राहते. तिला कुणी अडवलेलं नसतं, तिची पाळीच येत नाही. ती पाळी कुणीतरी मोठ्या माणसाने लावावी लागते. संघटित या शब्दाचा एवढाच अर्थ धरला, तर मी त्याच्या बाजूने आहे.

अशा खेळाला चिंध्यांचा चेंडू पुरतो, खडूची रेघ पुरते. सेविकाताईंना मात्र तेवढा वेळ मोबाईलवरच्या नोंदींतून सुटका हवी. मदतनीसताईंनी कडेवरचं पोर वीस मिनिटं घ्यावं, आणि लंगडीची पहिली पाळी त्या पोरीला द्यावी.